कुलगुरू आशुतोष

कलकत्ता विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. त्यानंतर सुमारे अर्धे शतक हे विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदव्या देई. तेवढ्यावर त्याचे काम संपे. शिकविण्याचा भार महाविद्यालयांवर असे. नवे ज्ञान शोधून काढणे हे तर विद्यापीठाचे काम मानलेच जात नसे.

१९०६ साली आशुतोष मुखर्जी या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांचे वय तेव्हा अवघे ४१ वर्षांचे होते. तरुणपणी ते नामांकित गणिती होते. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून दिली जाणारी मानाची शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली होती. पुढे ते उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. दिवसा न्यायदान आणि उरलेल्या वेळी विद्यापीठाचा कारभार असा त्यांचा क्रम होता. कुलगुरुपदाला त्या काळी वेतन नसे.

विद्यापीठात प्रयोगशाळा हव्यात, विद्वान हवेत, असे आशुतोषांच्या मनात होते. परंतु सरकारकडून पुरेसा पैसा मिळेना. तेव्हा तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष हे दोन ख्यातनाम वकील पुढे आले. पालितांनी पैसा व जमीन मिळून सुमारे १५ लाख रुपयांचे दान दिले. घोषांनी १० लाख दिले. १९१४ च्या मार्च महिन्यात विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसली.

इमारत पैशाने उभी राहते. माणसे मात्र पारखावी लागतात. चंद्रशेखर वेंकट रामन हे त्या वेळी सरकारी हिशेबखात्यात मोठ्या पगाराचे अधिकारी होते. कचेरीच्या वेळाबाहेर ते प्रयोग करीत. आशुतोषांनी त्यांना पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद देऊ केले. पण एक अडचण निघाली. या पदावरील माणसाने परदेशी शिक्षण घेतलेले असावे, अशी देणगीची अट होती आणि रामन त्यासाठी परदेशी जावयास तयार नव्हते. आशुतोषांनी अट बाजूस सारली, पण माणूस सोडला नाही. १९१७ साली रामन कमी पगारावर रुजू झाले. पुढे १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे तर नुकतेच परीक्षा उत्तीर्ण झालेले तरुण. नवे पदार्थविज्ञान शिकविणारे कोणी नव्हते. ते त्यांनी स्वतः वाचून शिकावे आणि इतरांना शिकवावे, असे ठरले. मोठे धाडसच म्हणावयाचे! पुण्याच्या भांडारकर घराण्यातील देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनाही १९१७ साली प्राचीन भारतीय इतिहासाच्या अध्यासनावर बोलाविण्यात आले. बंगाली, मद्रासी, महाराष्ट्रीय असा भेद या निवडीत नव्हता. देशी भाषांचा एम. ए. चा अभ्यासक्रमही १९१९ साली येथेच सुरू झाला.

१९१४ साली कुलगुरुपद सोडल्यावरही विद्यापीठातील त्यांचा शब्द चालतच राहिला, आणि १९२१ साली ते पुन्हा त्या पदावर आले. विद्यापीठाचा पसारा आता पुष्कळ वाढला होता. तिजोरी मात्र रिकामी होती. अध्यापकांचे वेतन देणेही कठीण झाले होते. अशा वेळी, १९२२ साली, बंगाल सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले. पण त्याबरोबर विद्यापीठाच्या कारभारावर आपला ताबा राहील अशा अटी घातल्या.

ज्यांच्या घरी पगार पोचला नव्हता, त्यांना ही रक्कम नकोशी वाटणे शक्य नव्हते. आशुतोषांना हे ठाऊक नव्हते असे नाही. तरीही विद्यापीठाच्या सभेत त्यांनी ठासून सांगितले की, स्वातंत्र्य गमावून मिळणारा पैसा आपण घेणार नाही. प्रथम स्वातंत्र्य आणि नंतरही स्वातंत्र्यच.

१९२३ साली त्यांची मुदत संपली. सरकारशी सहकार्याने वागण्याची हमी दिल्यास पुन्हा नेमणूक करू, असे बंगालचे गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी त्यांना कळविले. आशुतोषांनी सडेतोड पत्र लिहून ते पद नाकारले. पुढच्याच वर्षी, २५ मे १९२४ रोजी, एका खटल्याच्या कामासाठी पाटण्यास गेले असता त्यांचे निधन झाले.