लेकरांच्या बोलण्याला हसण्याआधी...



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत आम्ही पोट धरून हसलो. एका ताईंची पाच वर्षांची मुलगी त्यांचा पदर सोडेना. "आई, तू विहिरीवर नको जाऊस," म्हणून रडायला लागली. कारण काय? आदल्या रात्री घरात कुणीतरी म्हणालं होतं, "आपण पार कर्जात बुडालो." पोरीला बुडणं माहीत ते फक्त पाण्यातलं!

सगळ्या हसल्या, मीसुद्धा हसले. पोरगी आईच्या मागे लपली आणि बैठक संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. गाडीवरून परत येताना माझ्या लक्षात आलं, ती गंमत करत नव्हती, ती घाबरली होती. म्हणून या वेळचा पाठ लहान मुलांच्या बोलण्यावर. (त्या ताईंना विचारूनच लिहितेय.)

मुलं असं का बोलतात?

१. ती शब्दाचा सरळ अर्थ घेतात. आपण म्हणतो, "पोटात कावळे ओरडतायत." मूल पोटाला कान लावतं. आपण म्हणतो, "डोकं खाऊ नको." ते म्हणतं, "मी कुठं खाल्लं?"

२. ती नियम शोधतात. "मी जेवण करलं," असं घरात कुणीच म्हणत नाही. मग मूल कुठून शिकलं? त्याने ऐकलं, धर–धरलं, भर–भरलं. त्यावरून त्याने स्वतःच ठरवलं, कर–करलं. म्हणजे चूक दिसते, पण डोकं चाललंय!

३. वेळ त्यांना दिसत नाही. "उद्या आम्ही जत्रेला गेलो होतो," असं तीन-चार वर्षांचं मूल म्हणतं. काल आणि उद्या हातात धरून दाखवता येत नाहीत, त्यामुळे ते कळायला वेळ लागतो. ते खोटं बोलत नसतं.

४. डोळ्यांना दिसतं ते खरं. एकाच भाकरीचे दोन तुकडे केले की मूल खूश, "मला दोन मिळाल्या!" स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी याचा खूप अभ्यास केला.

घरी करून बघा

दोन सारख्या पेल्यांत सारखंच पाणी घ्या. मुलाला विचारा, "सारखं आहे ना?" मग त्याच्यासमोरच एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओता. आता विचारा, "जास्त कशात?" चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं उंच ग्लास दाखवतात. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास त्यांना कळायला लागतं की पाणी तेवढंच आहे. रागावू नका, फक्त विचारा, "तुला असं का वाटलं?" उत्तर ऐकण्यासारखं असतं.

मग आपण काय करायचं?

• आधी विचारायचं, "तुला काय वाटलं, सांग बरं." हसू आलं तर हसा, पण मुलासोबत हसा, मुलाला हसू नका.
• "असं नाही, नीट बोल," म्हणण्याऐवजी बरोबर वाक्य सहज म्हणायचं. "हो का, तू जेवण केलंस? काय काय खाल्लंस?"
• पाहुण्यांसमोर त्याची नक्कल करायची नाही. असं वारंवार झालं की मूल बोलायलाच कचरतं.
• कर्ज, आजारपण, मरण यावर घरात बोलणं झालं आणि मूल तिथंच असेल, तर नंतर जवळ घेऊन दोन सोप्या वाक्यांत समजवायचं.

त्या ताईंनी तेच केलं. रात्री मुलीला सांगितलं, "अगं, पाण्यात नाही बुडालो. लोकांचे पैसे द्यायचे राहिलेत, ते थोडे थोडे देऊ." पोरगी विचार करून म्हणाली, "मग बाबा विहिरीवर गेले तर चालेल?"

आणखी एक गोष्ट मला लागून राहिली. त्या दिवशी आम्ही हसलो, पण कसलं कर्ज, हे एकीनेही विचारलं नाही. या महिन्याच्या बैठकीत ताई स्वतःच बोलल्या. बाहेरून जास्त व्याजाने पैसे घेतले होते. आता त्यांच्या अंतर्गत कर्जाचा विषय गटाने चर्चेला घेतलाय. लेकराने आम्हाला ते एक महिना आधीच सांगितलं होतं.

पुढच्या बैठकीत चर्चा करा

१. तुमच्या घरातलं मूल कोणत्या शब्दाला फसलं? त्याला काय वाटलं होतं?
२. आपलं कोणतं बोलणं ऐकून ते घाबरलं असेल?

तुमचे किस्से मला नक्की सांगा. मी हसेन, पण आधी नीट ऐकेन!

तुमची क्षेत्र समन्वयक