द्राक्षांवरचं औषध: धुवायला किती, तपासायला किती

बाजारातून आणलेली किलोभर द्राक्षं प्रयोगशाळेतून तपासून घ्यायची म्हटली, तर बिल हजारांच्या घरात जातं आणि अहवाल हातात पडेपर्यंत उरलेले घड सुकलेले असतात. एकट्यादुकट्या घराने या भानगडीत पडू नये. सोसायटीने बागेतून थेट पेट्या मागवल्या असतील, तर मात्र वर्गणी काढून एक नमुना तपासणं परवडतं.

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. प्रयोगशाळेला एनएबीएलची मान्यता आहे का, आणि ती नेमकी कोणकोणती औषधं शोधणार? यादीत नसलेलं औषध अहवालात दिसतच नाही. 2010 साली आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले ते यातूनच. क्लोरमेक्वाट, बागायतदारांचं ‘सीसीसी’, इथे तपासलंच जात नव्हतं. तिकडे मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. या वाढरोधकाची चाचणी सहसा वेगळी करावी लागते, म्हणजे पैसेही वेगळे.

आता आकड्यांचं. एखाद्या औषधाची मर्यादा आपल्याकडे ठरलेली नसेल, तर फळांना सरसकट किलोला 0.01 मिलिग्रॅम लागू होते. दहा टन द्राक्षांत एक दशांश ग्रॅम! पण आकडा ओलांडला की लगेच विषबाधा, असं नाही. मर्यादा ठरवताना लेबलप्रमाणे फवारून, शेवटची फवारणी ते काढणी यांतले दिवस पाळून फळात किती उरतं ते मोजतात. मग रोजच्या खाण्यातून ते सुरक्षित मात्रेच्या आत राहतं का, हे पाहतात; ही मात्रा प्राण्यांना अपाय न झालेल्या मात्रेच्या साधारण शंभराव्या हिश्शाइतकी धरलेली असते. म्हणून आकडा वर गेला, की बहुधा बागेत कुणीतरी दिवस पाळलेले नाहीत असं समजावं.

तेव्हा शेवटची फवारणी कधी आणि कशाची, हे विचारा. फवारणीची वही उघडून दाखवणारा बागायतदार किलोमागे चार पैसे जास्त मागत असेल, तर मी देईन. ‘रेसिड्यू फ्री’ एवढंच छापलेल्या खोक्याला, अहवाल नसेल तर, एक रुपयाही जास्त नको.

धुवायला खर्च पाण्याचाच. मणी सुटे करून वाहत्या नळाखाली अर्धा मिनिट चोळा. महागड्या ‘व्हेजी वॉश’ची गरज नाही. फळात भिनलेलं औषध मात्र धुऊन जात नाही. मण्यांवरचा सगळीकडे सारखा पांढुरका थर म्हणजे द्राक्षाचंच मेण, त्याला घाबरू नका. थेंबांचे डाग दिसले तर ते फवारणीचे असू शकतात.

दुकानातल्या मालाबद्दल संशय असेल, तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 खाली ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडे नमुना देऊ शकतो. अट अशी, की तपासणीचा इरादा विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावा लागतो. माल नियमात बसला नाही, तर शुल्क परत मिळतं; पावती जपून ठेवा.