'लोक काय म्हणतील?'



'लोक काय म्हणतील?' हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी स्वतःला विचारलेला असतो. या भीतीचे बळ कोठून येते, हे समाजशास्त्राच्या मदतीने समजून घेऊ या.

संस्कृती म्हणजे काय?

नाच, गाणी आणि सण म्हणजे संस्कृती असे आपण समजतो. इंग्लंडचे मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी 1871 साली तिची व्यापक व्याख्या केली. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, चालीरीती आणि समाजात राहून माणूस जे जे आत्मसात करतो, ते सर्व म्हणजे संस्कृती. डोळ्यांचा रंग जन्मतः मिळतो, संस्कृती मात्र घरात, अंगणात, शाळेत शिकावी लागते. आणि जे शिकलेले असते, ते बदलताही येते.

नियमांचे तीन प्रकार

पहिल्या दोन प्रकारांतील भेद अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम समनर यांनी 1906 साली आपल्या ग्रंथात मांडला.

1. लोकरीती : पाहुण्याला आधी पाणी देणे, वडीलधाऱ्यांना अहोजाहो करणे. या मोडल्या तर लोक हसतात, फार तर नावे ठेवतात.

2. लोकनीती : ज्यांवर समाजाचे हित अवलंबून आहे असे लोक मानतात, त्या रूढी. या मोडल्या तर लोक संतापतात, प्रसंगी वाळीत टाकतात.

3. कायदा : हा शासन करते. गुन्हा कोणता व शिक्षा किती, हे लेखी ठरलेले असते.

एखादा नियम कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखायचे असेल, तर तो मोडणाऱ्याचे काय होते ते पाहावे.

कायदा एकीकडे, रूढी दुसरीकडे

1856 साली हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली. त्यानंतर 37 वर्षांनी, 1893 मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. कायद्याने तो गुन्हा नव्हता. तरीही कोकणातील मुरूड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. कागदावरचा कायदा बदलला होता, लोकांचे मन बदलले नव्हते. कर्वे डगमगले नाहीत. 1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. पुढे 1958 साली याच कर्व्यांना 'भारतरत्न' मिळाले. एका पिढीने ज्याला दोष दिला, त्याचाच नंतरच्या पिढीने गौरव केला.

आज अशा बहिष्काराला महाराष्ट्रात कायद्याने बंदी आहे. विधिमंडळाने 2016 मध्ये संमत केलेला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै 2017 पासून लागू झाला. त्यात 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

गाव बदलू शकते

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने ठराव केला : पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद कराव्यात. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्यास सांगितले. ठरावामागे तुरुंगाची भीती नव्हती. ज्या 'लोकां'ना आपण भितो, तेच एकत्र बसून नवा नियम ठरवत होते.

सगळ्याच रूढी वाईट नसतात. कोणाच्या घरी मरण आले की शेजाऱ्यांनी चूल पेटवू न देता जेवण पोहोचवणे, हीही रूढीच आहे. तेव्हा रूढी जुनी की नवी हे पाहू नये. ती दुःखी माणसाला आधार देते, की त्याच्या दुःखात भर घालते, एवढेच पाहावे. आणि हे विसरू नये, की 'लोक काय म्हणतील' यातले लोक म्हणजे आपणच आहोत.

गटचर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या गावातील एक लोकरीती व एक लोकनीती सांगा. ती मोडणाऱ्याचे काय होते?
2. लग्नकार्यात विधवा बहिणीला किंवा वहिनीला आपण मागे ठेवतो का? का?
3. आपल्या आळीने एकत्र येऊन कोणती एक प्रथा बंद करावी व कोणती जपावी?