ओढ्याकाठची झाडे शहरात लावताना

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात झाडाची एकाच वर्षात दोन विरुद्ध संकटांशी गाठ पडते. 26 जुलै 2005 रोजी उल्हास व वालधुनी या नद्यांचे पाणी वस्तीत शिरले. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. त्याच भूमीत मे महिन्यात कुदळ बसत नाही. अशा जागी कोणते झाड टिकेल, याचे उत्तर ओढ्याच्या काठी आधीच उभे आहे: करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर.

झाडाच्या मुळांस पाण्याइतकीच हवेची गरज असते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. जमिनीत पाणी साचले की मातीच्या कणांमधील हवा निघून जाते व मुळे गुदमरतात. गुदमरलेले मूळ पाणी शोषू शकत नाही. म्हणून पाण्यात उभे असलेले रोपही मलूल दिसते. ते सुकले असे समजून त्यास आणखी पाणी घालणारे सद्गृहस्थ आम्ही पाहिले आहेत! पाणथळ जागी वाढणाऱ्या अनेक झाडांत मात्र खोडाच्या तळाशी सालीवरील छिद्रे फुगतात, पाण्याच्या पातळीजवळ नवी मुळे फुटतात, आणि आतील पोकळ्यांतून हवा खाली पोचते. शेवगा किंवा पपई यांस हे साधत नाही.

रोलरने दाबलेल्या मुरुमात आणि फरशीखाली हवेचा असाच तुटवडा असतो. यामुळे पूर न येणाऱ्या रस्त्याच्या कडेसही ही झाडे उपयोगी पडतात.

परंतु काठचे झाड म्हणजे आपोआप दुष्काळ सोसणारे झाड, असा समज करून घेऊ नये. काठावरील जुना अर्जुन उन्हाळ्यात हिरवा दिसतो, कारण त्याची मुळे खोलवरच्या ओलाव्यापर्यंत गेलेली असतात. काल लावलेल्या रोपास ती सोय नाही. वाळुंजाची तर गोष्टच निराळी. त्यास सतत ओल लागते, म्हणून ते नदीकाठीच ठेवावे. करंज व जांभूळ एकदा रुजले की दोन्ही टोके बऱ्यापैकी सोसतात. जांभळाचे बी लवकर निकामी होते. ते ताजेच पेरावे.

लागवड पावसाच्या आरंभी करावी. पिशवीत गुंडाळी झालेली मुळे मोकळी न करता रोप लावल्यास ती तशीच फिरत राहतात आणि झाड पुढे वाऱ्यात उलथते. पाणी साचणाऱ्या जागी खड्ड्याऐवजी वीतभर उंचवट्यावर रोप लावावे. पुराची भीती असल्यास पुरुषभर उंचीचे रोप निवडावे, म्हणजे शेंडा पाण्यावर राहतो. पहिले तीन उन्हाळे पाणी द्यावे लागते. रोज तांब्याभर ओतण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर द्यावे, त्यायोगे मुळे खाली उतरतात. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करावे, पण ते खोडास टेकू देऊ नये. सिमेंटचा ओटा बुंध्यास भिडवून बांधणे हा तर झाडाचा गळा आवळण्याचाच प्रकार होय.

पूर ओसरल्यावर बुंध्याशी बसलेला गाळ मूळ जमिनीच्या पातळीपर्यंत हाताने काढावा, पाने धुवावीत, आणि वाफसा आल्यानंतरच माती हलवावी; चिखलात खुरपे घालू नये.