पावसाळा पाहून मग घर

(नोकरीतून निवृत्त झाल्यावर अनेक जण समुद्रकाठच्या एखाद्या गावी जाऊन राहण्याचा विचार करतात. असे गाव निवडताना काय काय पाहावे, हे रत्नागिरी शहराचे उदाहरण घेऊन या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, वयाची ५८ किंवा ६० वर्षे पूर्ण झाली, की नोकरदार माणूस निवृत्त होतो. तुमच्या घरातही कोणी निवृत्त झालेले आजोबा असतील. तुम्ही त्यांना ‘दादा’ किंवा ‘नाना’ म्हणत असाल. मराठीत मात्र ‘दादा’ म्हणजे मोठा भाऊ. म्हणून या पाठात आपण त्यांना आजोबाच म्हणू.

समजा, आजोबांची सारी नोकरी मुंबईत झाली आहे. एक दिवस ते म्हणतात, “आता या गर्दीत राहायचे कशाला? येथील खोली विकू आणि रत्नागिरीला छोटेसे घर घेऊ.” घरातील मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. आजी मात्र गप्प असते. अशा वेळी तुम्ही काय सांगाल?

‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर चटकन देता येणार नाही. दुकानदार तराजूच्या एका पारड्यात वजन ठेवतो आणि दुसऱ्या पारड्यात माल ठेवतो. तसेच आपणही करू. गावाचे गुण एका पारड्यात आणि अडचणी दुसऱ्या पारड्यात ठेवून पाहू.

प्रथम गुण पाहू. रत्नागिरी हे अरबी समुद्राच्या काठी वसलेले जिल्ह्याचे ठिकाण आहे. मुंबईहून ते रस्त्याने सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली याच गावात झाला. येथील मिरकरवाडा बंदरात ताजी मासळी उतरते. उन्हाळ्यात बाजारात हापूस आंब्याचा वास दरवळतो. समुद्र जवळ असल्यामुळे हिवाळ्यात येथे कडाक्याची थंडी पडत नाही आणि उन्हाळ्यात विदर्भासारखे रणरणते ऊन नसते. वयस्कर माणसाला अशी हवा मानवते.

सोयीही आहेत. जिल्ह्याचे ठिकाण असल्यामुळे येथे सरकारी रुग्णालय, बँका आणि बाजार आहेत. २०२३ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला, तेव्हापासून मुंबईला जाणे-येणे सोपे झाले. या जिल्ह्यातील कितीतरी माणसे मुंबईत किंवा आखाती देशांत नोकरी करतात आणि शेवटी गावी परततात. त्यामुळे निवृत्त माणसाला येथे समवयस्क सोबती मिळणे अवघड नाही. शिवाय मुंबईतील खोली विकून आलेल्या पैशांतून घर घेतल्यावर काही रक्कम हाती उरण्याचाही संभव असतो.

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, “मग अडचण कसली?” अडचण आहे ती पावसाची.

तुम्ही उर्दूत ‘मौसम’ हा शब्द रोज वापरता. हा शब्द मूळचा अरबी आहे. मराठीतील ‘मोसमी वारे’ या शब्दांत तोच दडलेला आहे. जून महिन्यात हे वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. पूर्वेला सह्याद्रीची उंच भिंत उभी आहे. तिला अडून वारे वर चढतात, थंड होतात आणि कोकणात धो धो पाऊस पडतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. पुण्यात तो सुमारे सातशे मिलिमीटर असतो. तीन हजार मिलिमीटर म्हणजे तीन मीटर! हे सारे पाणी अंगणात साचून राहिले असते, तर घराच्या छताला टेकले असते. त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो.

या चार महिन्यांत घरातील दिनक्रम बदलतो. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. मिठाला पाणी सुटते. चामड्याच्या चपलांवर आणि पुस्तकांवर बुरशी येते. लोखंडी वस्तू गंजतात. अंगणातील दगडांवर शेवाळ धरते आणि पाय घसरतो. तरुण माणूस घसरला, तर हसत उठतो. म्हाताऱ्या माणसाचे हाड मोडते. दमट हवेत दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. जून आणि जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, म्हणून बाजारात ताजी मासळीही कमी मिळते. हे सर्व ठाऊक असल्यामुळेच कोकणातील माणसे पावसाआधी सुकी मासळी, पापड, कडधान्ये व जळण यांचा साठा करून ठेवतात. या तयारीला ‘आगोट’ म्हणतात.

आश्चर्याची गोष्ट अशी, की इतका पाऊस पडूनही जिल्ह्यातील अनेक वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची टंचाई होते. येथील जांभा दगड सच्छिद्र आहे आणि जमीन उताराची आहे. त्यामुळे पडलेले पाणी मुरून किंवा वाहून समुद्राला मिळते. म्हणून घर पाहताना “विहिरीला मे महिन्यात पाणी असते का?” हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

तिसरी गोष्ट दळणवळणाची. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी काही वेळा कोल्हापूरला किंवा मुंबईला जावे लागते. कोल्हापूरचा रस्ता आंबा घाटातून जातो. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत हा रस्ता खचला आणि वाहतूक बंद पडली. त्याच वेळी याच जिल्ह्यातील चिपळूण शहर पुरात बुडाले. कोकण रेल्वेच्या गाड्याही पावसाळ्यात कमी वेगाने धावतात. त्यांचे वेळापत्रक वेगळे असते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकणात आले, तेव्हा जिल्ह्याच्या उत्तर भागातील अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशी संकटे रोज येत नाहीत, हे खरे. पण ज्याला दररोज औषध लागते किंवा ज्याचे हृदय दुबळे आहे, त्याने ती हिशेबात धरलीच पाहिजेत.

आता पुन्हा आजीकडे वळू. आजोबा निवृत्त झाले. पण आजी स्वयंपाकातून निवृत्त झाली का? मुंबईत तिची बहीण शेजारच्या गल्लीत राहत असेल. तिचा नेहमीचा डॉक्टर, तिच्या मैत्रिणी, तिची नातवंडे तेथेच असतील. नव्या गावात, मुसळधार पावसात, चार महिने तिने कोणाशी बोलायचे? आणि पुढे दोघांपैकी एकच जण मागे राहिला, तर त्याच्याजवळ कोण असेल? हा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, पण सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. म्हणून ज्यांना त्या घरात राहायचे आहे, त्या दोघांचेही मन जाणून घेतले पाहिजे.

स्वतःच्या मर्जीला किती किंमत असते, हे रत्नागिरीचाच इतिहास सांगतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी पदच्युत केले आणि १८८६ साली येथे आणून ठेवले. पुढे त्याच्यासाठी मोठा राजवाडा बांधण्यात आला. तो ‘थिबा राजवाडा’ आजही पाहता येतो. समुद्र तोच होता, हवा तीच होती. पण राजा तेथे आपल्या मर्जीने आलेला नव्हता. आपल्या देशाला परतण्याची परवानगी त्याला कधीच मिळाली नाही. १९१६ साली रत्नागिरीतच त्याचा अंत झाला. ज्या गावी आंबे खायला लोक हौसेने जातात, तेच गाव त्याच्यासाठी कैदखाना ठरले. वडीलधाऱ्या माणसांना त्यांच्या मनाविरुद्ध कोठे पाठवू नये आणि मनाविरुद्ध कोठे अडवूनही ठेवू नये, हा यातून घ्यायचा धडा आहे.

मग निर्णय कसा घ्यावा? बहुतेक लोक मे महिन्यात कोकणात जातात, आमरस खातात, समुद्रावर फिरतात आणि तेथेच घराचा सौदा ठरवतात. हे बरोबर नाही. गावाची खरी ओळख जुलै महिन्यात होते. आजोबांनी आणि आजीने मुंबईची खोली न विकता एक संपूर्ण पावसाळा रत्नागिरीत भाड्याच्या घरात काढावा. दवाखाना किती दूर आहे, रात्री रिक्षा मिळते का, वीज गेली तर किती वेळाने येते, छत गळते का, शेजारी विचारपूस करतात का, हे स्वतः अनुभवावे. घर समुद्राच्या अगदी कडेला नसावे. ते उंचावर असावे, पण दारापर्यंत फार पायऱ्या नसाव्यात.

चार महिने संपल्यावर कदाचित दोघेही म्हणतील, “पावसाचा आवाज ऐकत झोप छान लागते, आम्ही येथेच राहतो.” कदाचित म्हणतील, “हिवाळ्यात येऊ आणि जूनच्या आधी परत जाऊ.” किंवा म्हणतील, “आपली मुंबईच बरी.” यांपैकी कोणतेही उत्तर चुकीचे नाही. अनुभव घेऊन आणि दोघांच्या संमतीने दिलेले उत्तर योग्यच असते. ते कोठेही राहिले, तरी महिन्यातून एकदा त्यांना पत्र लिहिणे, आठवड्यातून एकदा फोन करणे आणि सुट्टीत भेटायला जाणे हे काम तुमचे आहे. ते काम केल्याशिवाय कोणतेही गाव त्यांना सुखाचे वाटणार नाही.

शब्दार्थ

निवृत्त होणे – वय झाल्यावर नोकरी संपणे
समवयस्क – सारख्या वयाचे
मानवणे – प्रकृतीला चांगले वाटणे
बाष्प – वाफ
सच्छिद्र – बारीक छिद्रे असलेला
टंचाई – कमतरता
दळणवळण – जाणे-येणे, वाहतूक
पदच्युत करणे – गादीवरून दूर करणे
संमती – रजामंदी

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कोकणात पावसाआधी करायच्या तयारीला काय म्हणतात?
(आ) थिबा राजाला रत्नागिरीत कोणत्या साली आणले?
(इ) घर घेण्यापूर्वी गावात कोणता काळ काढावा, असे लेखकाने सांगितले आहे?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) कोकणात भरपूर पाऊस पडतो.
(आ) पाऊस भरपूर पडूनही उन्हाळ्यात पाण्याची टंचाई होते.
(इ) आजीचे मत विचारणे आवश्यक आहे.

प्रश्न ३. भाषाभ्यास
(अ) हवा, जिल्हा, बंदर, किनारा, जमीन, हिशेब, मर्जी हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.
(आ) काही शब्द दोन्ही भाषांत दिसतात, पण अर्थ वेगळा असतो. उर्दूत ‘राजीनामा’ म्हणजे समझोत्याचा कागद. मराठीत ‘राजीनामा’ म्हणजे नोकरी सोडत असल्याचे पत्र. पाठातील असा आणखी एक शब्द शोधा.

उपक्रम : तुमच्या ओळखीच्या एखाद्या निवृत्त व्यक्तीला भेटा. त्यांना कोठे राहायला आवडते व का, हे विचारा आणि आठ-दहा ओळींत लिहा.