पूर्वज शोधण्याआधी ओढा शोधा

सासूबाईंचं माहेर अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या हार्लन काउंटीचं. तिथे डोंगर, कोळशाच्या खाणी, आणि खोऱ्याखोऱ्यात तीच ती आडनावं. त्यांच्या घराण्याची वंशावळ एका नातेवाइकाने इंटरनेटवरून उतरवून घेतली, छापली आणि कुटुंबमेळाव्यात वाटली. त्या वंशावळीत एका बाईला नवव्या वर्षी मूल झालेलं होतं. तरी ती वंशावळ पुढे कितीतरी जणांनी उतरवली, आणि इतक्या ठिकाणी दिसते म्हणून खरी ठरली.

मूळ कागद बघायला बसले तेव्हा उलगडा झाला. विल्यम नावाचे, एकाच आडनावाचे दोन पुरुष एकमेकांत मिसळले होते. एक क्लोव्हर फोर्क या ओढ्याच्या काठचा, दुसरा पुअर फोर्क या ओढ्याच्या उगमाकडचा. 1842 मध्ये हार्लन आणि पेरी यांचे तुकडे काढून लेचर काउंटी झाली आणि पुअर फोर्कचा वरचा भाग तिकडे गेला. दुसरा विल्यम जागचा हलला नाही, पण 1850 च्या जनगणनेत तो लेचरमध्ये आहे. शोधणाऱ्यांना हार्लनमध्ये एकच विल्यम मिळाला. दोघांची मुलं त्यांनी त्याच्याच पदरात घातली.

म्हणून सांगते, नावाआधी काउंटीच्या सीमांचा इतिहास काढा. हार्लनचा पश्चिमेकडचा भाग 1867 मध्ये बेल काउंटीत गेला, तिथेही हाच घोळ होतो.

दोन्ही विल्यमना वेगळं केलं ते करयाद्यांनी. लोक त्या उघडतही नाहीत याचं मला वाईट वाटतं. केंटकीत 1792 पासून या याद्या आहेत. त्यांची एक प्रत राज्याकडे जायची, त्यामुळे जिथलं कोर्टहाउस जळलं तिथल्याही बऱ्याच उरल्या आहेत. जुन्या याद्यांत जमिनीच्या एकरांसोबत जवळच्या ओढ्याचं नाव असतं. दोन विल्यम, दोन ओढे. खरेदीखतांत शेजाऱ्यांची नावं मिळतात, आणि विकताना बायकोने हक्क सोडल्याची नोंद असली तर तिचंही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांसारखी घराण्याची वही सांभाळणारं तिथे कोणी नाही, ते काम या खतांवरूनच करावं लागतं.

जनगणनेत 1850 च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे, आणि त्याच्याशी नातं 1880 पासून लिहू लागले. 1890 ची बहुतेक पानं 1921 च्या वॉशिंग्टनमधल्या आगीत आणि त्यानंतर नष्ट झाली. त्यामुळे 1882 मध्ये जन्मून 1899 मध्ये लग्न झालेली मुलगी जनगणनेत बापाच्या घरी कुठेच दिसत नाही. ती मृत्युपत्रात किंवा वाटणीच्या दाव्यात शोधा. कृष्णवर्णीय घराण्यांसाठी वाट याहून अवघड आहे. 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली जवळजवळ फक्त वय, लिंग आणि वर्ण आहे, माणसाचं नाव नाही.

मृत्यूचा दाखलाही डोळे मिटून घेऊ नका. केंटकीत राज्याची सलग नोंद 1911 पासूनची. आईबापांची नावं सांगणारा कधी जावई असतो, कधी शेजारी. माहिती कोणी दिली हे दाखल्यावरच लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

वंशावळीत प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदावरून घेतलं हे लिहा. कागद नसेल तर जागा कोरी ठेवा आणि मेळाव्यात तशीच वाटा. क्लोव्हर फोर्कच्या विल्यमच्या आईची जागा आमच्याकडे अजून कोरी आहे.