अदृश्य सोबत्याचे वस्तुमान

दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह बहुधा दुर्बिणीतूनही दिसत नाही. ताऱ्याच्या तेजात तो लोपून जातो. मग जे दिसत नाही, त्याचे वस्तुमान मोजावे कसे?

मोठे माणूस आणि लहान मूल फुगडी घालताना आपण पाहिले आहे. मूल मोठे रिंगण घेते; मोठे माणूस जवळजवळ जागीच फिरते, तरी किंचित सरकतेच. तारा आणि त्याचा सोबती यांचेही असेच असते. दोघेही सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात व दोघांच्या वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार समान असतो.

तारा आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातील रेषा निळ्या टोकाकडे सरकतात, दूर जाताना तांबड्या टोकाकडे. या डॉप्लर परिणामाच्या आधारे मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलो यांनी १९९५ मध्ये ‘५१ पेगासी’ या ताऱ्याचा सोबती शोधला. ताऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ५६ मीटर आणि आवर्तनकाळ ४.२३ दिवस आहे.

आता गणित करू. या ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.१ पट आहे. केप्लरच्या तिसऱ्या नियमाने कक्षेची त्रिज्या सुमारे ७९ लाख किलोमीटर येते. तिच्या परिघाला आवर्तनकाळाने भागले असता ग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे १३६ किलोमीटर मिळतो. हा ताऱ्याच्या वेगाच्या सुमारे २४०० पट आहे. म्हणून ग्रहाचे वस्तुमान ताऱ्याच्या २४०० व्या भागाएवढे. सूर्य सुमारे १०४७ गुरूंएवढा, तर हा तारा सुमारे ११५० गुरूंएवढा. उत्तर येते ०.४८, म्हणजे जवळजवळ अर्धा गुरू.

परंतु येथे थांबून चालणार नाही. डॉप्लर पद्धतीने केवळ आपल्या दृष्टिरेषेतील वेग कळतो. कक्षा आकाशाच्या प्रतलाशी ९० अंशांचा कोन करीत असेल, तर पूर्ण वेग मिळतो. ३० अंशांचा कोन असेल, तर निम्माच, आणि खरे वस्तुमान दुप्पट असते. म्हणून वरील उत्तराच्या आधी ‘किमान’ हा शब्द लिहावाच लागतो.

‘एचडी २०९४५८’ या ताऱ्याचा ग्रह ताऱ्यासमोरून जाताना १९९९ मध्ये आढळला. कक्षा जवळजवळ कडेने दिसत असल्याचे सिद्ध झाले आणि ‘किमान’ हा शब्द गळाला. याउलट ‘एचडी ११४७६२’ या ताऱ्याच्या सोबत्याचे किमान वस्तुमान १९८९ मध्ये सुमारे ११ गुरूंएवढे निघाले होते. तो ग्रह असावा, असे पुष्कळांना वाटे. पुढे ‘गाया’ यानाने ताऱ्यांच्या स्थानांतील सूक्ष्म हालचाली मोजल्या, तेव्हा ही कक्षा आपल्याला जवळजवळ समोरून दिसते असे कळले. सोबत्याचे वस्तुमान शंभर गुरूंहून अधिक ठरले. तो ग्रह नव्हे, लहानसा ताराच निघाला.

१९८९ चे मापन चुकले नव्हते. त्याने ‘किमान’ एवढेच सांगितले होते. त्यापुढचे अनुमान आपले होते. मोजलेले किती आणि मानलेले किती, हे वेगळे ठेवणे हाच या पाठाचा गाभा होय.